मरून कव्हर

"कासव आलं का?" मामांनी विचारलं.

मी समोरच्या पडद्याकडे बघितलं. आलं होतं. आंबा घाटाचा अर्ध्याहून जास्त चढ अजून बाकी होता आणि वेगाच्या आकड्याशेजारी एक छोटं पिवळं कासव उगवलं होतं. कंपनीतल्या कोणाच्या डोक्यातून हे चिन्ह निघालं कोण जाणे, पण त्याचा अर्थ समजायला शिक्षण लागत नाही. विजेची गाडी फार तापली की कासव येतं आणि त्याच्यामागोमाग गाडीचा जीव जातो. जाहिरातीत हीच गाडी डोंगर चढून थेट ढगांत शिरायची. इथे सिमेंटचा ट्रक हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून गेला, आणि त्याच्या क्लीनरनं वळून आम्हाला हात केला.

"आलं," मी म्हणालो.

"तरी मी म्हणत होतो," मामा म्हणाले आणि त्यांनी पट्टा सोडला.

मामा म्हणजे माझे सासरे, आनंदराव लाड. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणतात. रस्त्यांच्या खात्यात अभियंता म्हणून उभी हयात काढून ते रत्नागिरीत स्थायिक झाले होते. मूळचे घाटावरचे, शाहूवाडीकडच्या एका वाडीतले. त्या वाडीत त्यांची थोरली बहीण, आक्का, एकटी राहायची, आणि त्या दिवशी राखीसाठी आम्ही तिच्याकडे निघालो होतो. गाडी मामांची होती, पण चालवत मी होतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. म्हणूनच मामांनी मला चालवायला बसवलं होतं. ज्याला कळतं तो दुसऱ्याच्या सूचना ऐकत नाही, असं त्यांचं मत होतं.

मी गाडी वळणावर बाजूला घेतली. लगेच माणसं जमली. आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीइतकी उघडी सभा दुसरी नसते.

"रेडिएटरात पाणी घाला सायेब," प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपवाल्यानं सांगितलं.

"ही विजेची आहे. हिला इंजिनच नाही," मामा म्हणाले.

"इंजिन न्हाई, मग तापतंय काय?"

हा प्रश्न मला तेव्हाही फार रास्त वाटला होता.

"बॅटरी तापती," जीपमधला एक पांढऱ्या टोपीवाला म्हणाला. "माजा मोबाईल बी तापतो. मी फ्रीजमदी ठेवतो थोडा येळ."

सगळ्यांनी एकदा गाडीकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे बघितलं. मामांनी तोवर उकडलेल्या शेंगांचा पुडा घेतला होता. कठड्याला टेकून ते दरीकडे बघत चवीनं शेंगा खात होते. गाडी तापली की मामांची भूक खवळते हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्यावर विचार करण्याचं मला काही कारण नव्हतं. शेंगा संपवून त्यांनी हात पुसले आणि आक्काला फोन लावला.

"आक्का, निघालो होतो बघ. पण गाडी तापली गं. आता पुढं नेणं धोक्याचं हाय. बॅटरी असती, पेट घेती."

"बरं," पलीकडून आक्काचा आवाज मलाही ऐकू आला. "मग जा घरी."

फोन कट झाला. मामांनी तो थोडा वेळ तसाच कानाला धरून ठेवला होता.

मागच्या सीटवर मामी नारळी भाताचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उतारावर कासव नाहीसं झालं, गाडी हरणासारखी पळायला लागली, मामा घोरायला लागले आणि डबा जसा आला होता तसा परत निघाला.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. मे महिन्यात वाडीच्या जत्रेला निघालो तेव्हाही ह्याच घाटात कासव आलं होतं. म्हणजे गाडी घेतल्यापासून आक्काकडे जायला दोनदा निघालो आणि दोनदा परत आलो. त्याआधी मामांकडे गाडी नव्हती, आणि एसटीनं कंबर धरते असं ते सांगायचे. त्याच्याही आधी नोकरी होती, आणि नोकरीत रजा मिळत नव्हती. एवढं सगळं मिळून मामा बहिणीच्या दारात कित्येक वर्षं गेले नव्हते.

आता मात्र घाई होती. आक्काचा मुलगा तिला दिवाळीनंतर हैदराबादला घेऊन जाणार होता, घर बंद करून. राहिली होती ती फक्त भाऊबीज. माझी बायको सुलक्षणा मला त्या रात्री स्पष्ट म्हणाली, "ही भाऊबीज चुकली तर आक्का त्या घरातून भाऊ न बघताच जाणार. तुम्ही काही करा, पण ती गाडी घाट चढवा."

मला गाडीतलं काही कळत नाही, असं मी पुन्हा सांगून बघितलं. त्यावर ती म्हणाली, कोणालाच कळत नाहीये, मग तुम्हीच बघा.

*

मामांच्या घरात शिरलं की आधी डोळ्यांना सवय करून घ्यावी लागायची. त्या घरात एकही वस्तू स्वतःच्या रंगात दिसायची नाही. फ्रीजला फुलांचं कव्हर, त्याच्या मुठीला वेगळं छोटं कव्हर. मिक्सरला कव्हर, गिरणीला झालरीचं कव्हर. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. सोफ्याला कव्हर, आणि पाहुणे येणार असले की त्या कव्हरावर चादर. टीव्ही बंद झाल्या झाल्या मामी त्याच्यावर पडदा ओढायच्या, बातम्या देणाऱ्या बाईचं वाक्य पुरं व्हायचीही वाट बघायच्या नाहीत. वस्तू टिकली पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता आणि वस्तू खरोखर टिकायच्या. त्या दिसायच्या कशा, हे मात्र कोणालाच आठवत नव्हतं.

बैठकीतल्या शोकेसमध्ये मामांचं मानचिन्ह होतं, तेही पारदर्शक पिशवीत. शेजारी घडी घातलेली शाल, पिशवीत. आणि लॅमिनेट केलेलं वर्तमानपत्राचं कात्रण: 'सख्ख्या बहिणीचं घरही न सोडणारा अभियंता'. रस्ता रुंद करताना त्यात आक्काच्या घराची पडवी आणि दारातला फणस जात होता. मामा तेव्हा तिथले अधिकारी होते. त्यांनी पडवी पाडली, फणस तोडला आणि नियमाला नातं नसतं असं भाषण केलं. तालुक्यात सत्कार झाला. आक्का सत्काराला आली नव्हती, आणि मामा त्यानंतर आक्काकडे गेले नव्हते. आक्का हट्टी, असं घरात सगळे धरून चालले होते.

नवी गाडी आली त्या दिवशी पूजा झाली, चाकांखाली लिंबं फुटली आणि लगेच मामींनी टेप घेऊन गाडीचं तोंड मापलं. कोकणातली लाल धूळ, घाटातले खडे, रंग उडेल. मरून रंगाचं जाड रेक्झिन आणून त्यांनी गाडीच्या पुढच्या भागाला कव्हर शिवलं. दिव्यांना जागा ठेवली, नंबरप्लेटपुढे पारदर्शक खिडकी ठेवली आणि कडेनं सोनेरी पायपिंग लावलं. खालच्या बाजूला इलॅस्टिक आणि हुक. इतकं नेमकं बसलं की शोरूमवाल्यानंही हे कंपनीचं का, असं विचारलं. गाडीच्या पुढच्या जाळीवरून ते जात होतं, तर मामा म्हणाले होते, "जाऊ दे. इंजिनच नाही, तर हवा कोणाला लागते?" अभियंता म्हणतोय म्हटल्यावर प्रश्न मिटला.

गाडी रत्नागिरीत भाजी आणायला, बँकेत जायला वापरली जायची आणि गावात कधी तापायची नाही. तापायची ती फक्त घाटात, आक्काच्या वाटेवर.

श्रावण संपता संपता निदानाला सुरुवात झाली. पहिले वैद्य शेजारचे बेडेकर सर. वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीच्या भोवती हात मागे बांधून फेरी मारली.

"चार्ज कुठे करता?"

"घरीच," मी म्हणालो.

"तिथेच चुकतंय. आपली वीज कोयनेची. धरण घाटावर, गाडी कोकणात. घाट चढताना ती विजेला उलटी जाते."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते गंभीर होते. मी मनातल्या मनात त्यांना वाकून नमस्कार केला.

मग सुलक्षणाच्या मैत्रिणीनं गाडीचा रंग काळसर आहे म्हणून ती ऊन पिते, असं सांगितलं. मामींनी गाडीवरून मीठ-मोहरी उतरवली. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून डिकीत लिंबू ठेवलं, प्लास्टिकच्या डबीत.

शेवटी मी सर्व्हिस सेंटरची वेळ घेतली. सकाळी गाडी काढायला गेलो तर मामी पुढे वाकून कव्हराचे हुक सोडत होत्या.

"हे कशाला काढता?"

"तितली पोरं काळं हात लावत्यात ओ पाव्हणं. चांगलं कव्हर हाय. धुऊन ठेवते, आलासा की परत घालू."

"काढ, काढ," मामा ओट्यावरून म्हणाले. "मीच सांगणार होतो."

सर्व्हिस सेंटर म्हणजे काचेचं देऊळ होतं. एसी, कॉफीचं मशीन आणि हातात टॅब घेतलेला एक तरुण, त्याच्या शर्टावर नाव होतं रोहन तळेकर. त्यानं गाडीला वायर लावली, टॅबवर हिरवे ठिपके आले.

"सर, सगळं ओके दाखवतंय."

"पण ती तापते."

"इथे तापत नाहीये, सर."

"घाटात तापते."

"आपण टेस्ट ड्राइव्ह घेऊ." त्याचा माणूस गाडी घेऊन थेट घाटात जाऊन आला. कासव आलं नाही. "बघा सर, कम्प्लीट ओके. सॉफ्टवेअर अपडेट केलंय. आता गाणी पण जास्त वाजतील."

गणपतीनंतर आम्ही परीक्षा म्हणून गाडी घाटात नेली, कव्हर घालून, अर्थात. कासव आलं. पुन्हा सर्व्हिस सेंटर, पुन्हा कव्हर काढून घडी करून कपाटात, पुन्हा हिरवे ठिपके. ह्या खेपेला रोहननं मला चालवण्याची पद्धत विचारली. मी घाबरून चालवतो असं निघालं. चालक मनातून शांत नसेल तर गाडीवर लोड येतो, असं त्यानं मला टॅबवर लिहून दाखवलं. मी एका तापट गाडीचा भित्रा चालक म्हणून घरी आलो, आणि मामांनी ते निदान सगळ्या कॉलनीत आनंदानं पसरवलं.

*

दिवाळी तोंडावर आली. मी हट्टानं पुन्हा गाडी घेऊन गेलो. कव्हर काढून, हे आता सांगायला नकोच.

"मला ती वस्तू दाखवा," मी रोहनला म्हणालो. "तापू नये म्हणून हिच्यात काय ठेवलंय ते. टॅबवर नको."

तो जरा नाराज झाला, पण खाली बसला. मीही बसलो. गाडीच्या पुढच्या भागात खाली जाळी होती. "ह्याच्या मागे रेडिएटर आणि पंखा, सर. बॅटरीचं पाणी इथे गार होतं. इथे चिखल बसला, पिशवी अडकली, की हवा बंद, मग तापणार. पण तुमची जाळी बघा ना. किती क्लीन ठेवलीय! असा कस्टमर मी बघितला नाही."

मी बघितली. आणि बघतच राहिलो.

बघणं हा माझा धंदा आहे. पोरांना मी वर्गात ओरडून सांगतो, जे माहीत आहे ते काढू नका, जे दिसतं ते काढा. मी स्वतः मेपासून ह्या गाडीकडे जे माहीत आहे तेच बघत होतो. ती जाळी शोरूममधून काल आणल्यासारखी होती. पावसाळाभर कोकणात फिरलेली गाडी, आणि तिच्या तोंडावर एक मेलेली माशी नव्हती. माझ्या स्कूटरच्या तोंडावर तेव्हा अख्खं प्राणिसंग्रहालय होतं.

"रोहन," मी विचारलं, "ह्या जाळीवर जाड रेक्झिन घातलं तर?"

तो हसला. "असं कोण करेल, सर?"

मीही हसलो. सासुरवाडीची अब्रू होती.

घरी येऊन सुलक्षणाला सांगितलं. ती कपाळावर हात मारून बसली. मग म्हणाली, "आईला कसं सांगायचं? ती किती खपली त्या कव्हरासाठी! तिला वाटेल, तिच्यामुळे आक्काची राखी चुकली. तुम्ही आधी बाबांना सांगा, ते सांगतील तिला."

मामा अंगणात खुर्चीवर बसले होते, गाडीसमोर. मरून कव्हर पुन्हा चढलं होतं, उन्हात सोनेरी पायपिंग चमकत होतं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, जाळी, पंखा, माशीसकट. मला वाटलं होतं ते चकित होतील. ते झाले नाहीत.

"रेक्झिननं गाडी तापते असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय का?"

"बघूया की. पुस्तक कुठे आहे?"

"मामीनं कव्हर घालून ठेवलंय कुठंतरी," ते म्हणाले. "आणि हे बघा, ते कव्हर निघणार नाही. तिनं डोळे फोडून शिवलंय. तुम्ही चित्रं काढा."

मला राग आला, खरंच आला. एवढा शिकलेला माणूस आणि स्वतःचं एक वाक्य मागे घ्यायला तयार नाही! त्या 'इंजिनच नाही' पायी बहिणीची शेवटची भाऊबीज घालवायला निघाला होता. जावयानं काय बोलायचं नसतं ते आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण मनात ठरवलं.

*

भाऊबीजेला सकाळी निघालो. सुलक्षणा तिच्या भावाची वाट बघत घरी थांबली होती. गाडीत मी, मामा आणि मागे मामी, मांडीवर करंज्यांचा डबा. मामा खुशीत होते. घाटातल्या शेंगांबद्दल बोलत होते.

साखरप्याला मी चहाला थांबलो. मामा हॉटेलात आत हात धुवायला गेले, तशी मी मागे वळून हळूच म्हणालो, "मामी, रागावू नका. मी ते कव्हर काढतोय. त्यानं गाडीला वारा लागत नाही, म्हणून ती तापते."

आता त्या रडतील, अशी माझी तयारी होती. मामी म्हणाल्या, "अगं बया! मग आदी न्हाई का सांगायचं? काढा की. हितं द्या, चुरगाळंल."

एवढंच. ज्या बाईचं मन दुखवायचं नाही म्हणून सगळं घर चवड्यावर चालत होतं, तिनं कव्हर घेतलं, नीट घडी घातली आणि डब्याखाली ठेवलं.

मामा आले, थेट बसले. गाडीच्या तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही. घाट सुरू झाला.

पहिल्या वळणांवर ते गप्पा मारत होते. मग म्हणाले, "कासव?"

"नाही."

थोडं वर गेल्यावर पुन्हा, "आलं?"

"नाही आलं."

"नीट बघा. तुमचं लक्ष नसतं."

गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चढत होती. आम्ही सिमेंटचा एक ट्रक ओलांडला. तोच होता की नाही माहीत नाही, पण मी हात केला. शेंगावाल्याचं वळण आलं.

"थांबा, शेंगा घेऊ."

"येताना घेऊ, मामा."

त्यांनी रुमालानं मान पुसली. एसी वाढवायला लावला. मग काच खाली केली. मग म्हणाले, "छातीत जरा कसंतरी होतंय. परत फिरू या."

"छातीत काय न्हाई," मागून मामी म्हणाल्या. "फराळ झालाय ज्यादा."

"गाडी थांबवा म्हणतो ना!"

मी थांबवली. मामा उतरले. बॉनेटवर तळहात ठेवला. कोणी वाईट बातमीचं पाकीट हातात घेऊन उभं राहावं तसे ते उभे होते. "गार आहे," ते म्हणाले. मग पुढे जाऊन त्यांनी जाळी बघितली.

"कव्हर कुठाय?"

मामींनी खिडकीतून घडी वर धरली.

मामा कठड्यावर बसले. मी खाली उतरलो. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मला मेपासून ठाऊक आहे. पहिल्यांदा तापली तेव्हाच कळलं. अभियंता आहे मी. एवढं कळणार नाही?"

"मग तुम्ही..."

"कासव आलं तेव्हा बरं वाटलं मला. फार बरं वाटलं हो."

वडापची एक जीप हळू झाली, कोणी "काय झालं सायेब?" विचारलं, आणि मी हातानंच पुढे जायला सांगितलं.

"तो रस्ता सरळ होता," मामा म्हणाले. "नकाशावर माझ्या हातची रेघ होती, आक्काच्या पडवीला धक्का न लावता. पण समोरच्या बाजूला एका बड्या माणसाचा ढाबा होत होता. नुसतं जोतं होतं, विटासुद्धा चढल्या नव्हत्या. वरून फोन आला, रेघ इकडं सरकवा. सरकवली. नियम म्हणून आक्काला सांगितलं. ती गप्प बसली. आणि मग लोकांनी माझा सत्कार केला. बहिणीलाही सोडलं नाही म्हणून. शाल अंगावर घेतली मी. काय बोलणार होतो? मानचिन्ह परत कसं करतात?"

मला हसू येत होतं आणि त्या हसण्याची लाजही वाटत होती. तालुक्यानं एका माणसाचा प्रामाणिकपणासाठी सत्कार केला होता आणि त्याला तो सत्कार इतकी वर्षं बहिणीच्या दारापासून लांब पळवत होता.

मागचं दार उघडून मामी उतरल्या. त्यांना मी कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही त्या चढ्या आवाजात बोलल्या नाहीत.

"मी शिवते ते वस्तू टिकावी म्हणून," त्या म्हणाल्या. "तुमी माज्या कव्हराआड लपलासा. दोनदा मी डबा परत नेला. मला वाटलं, माज्या नशिबात नणंदंच्या हातचं पाणी न्हाई." मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "पाव्हणं, चालवा. ह्यांस्नी मागं बसवा. म्होरं मी बसते."

मामा निमूट मागे जाऊन बसले. करंज्यांचा डबा त्यांच्या मांडीवर आला, आणि कव्हरही.

*

वाडी जवळ आली तसं मी रस्त्याकडे बघायला लागलो. लांबवर आखीव सरळ येणारा रस्ता ढाब्यासमोर आल्यावर एका बाजूला पोटासारखा सुटत होता आणि आक्काच्या दाराशी घासून पुन्हा सरळ होत होता. चौथीतल्या पोरालाही दिसलं असतं, की इथे कोणीतरी खोडरबर वापरलंय. पडवी नव्हतीच. उंबऱ्याखाली थेट डांबर होतं. फणसाच्या जागी दगडी कठडा होता. त्या उंबऱ्यात आक्का बसली होती, आमच्याकडे तोंड करून. म्हणजे हे पोट ती रोज बघत होती.

गाडी थांबली. ती उठली नाही.

"आज तापली न्हाई व्हय रं गाडी?"

मामा खाली उतरले. हातात डबा होता.

"न्हाई," ते म्हणाले.

"सरपंचाच्या जावयाकडं हीच गाडी हाय. दर शनिवारी रत्नागिरीस्नं येतो. त्याची बी तापत न्हाई."

मामी माझ्याकडे बघत होत्या, मी रस्त्याकडे. मामांनी घसा साफ केला. मला वाटलं आता नियम येणार, रुंदी येणार, खात्याचा आदेश येणार. कागदावरची भाषा त्यांच्या ओठांवर आलेली मला दिसली.

"आक्का," ते म्हणाले, "रेघ सरळ जात हुती. मी सरकावली. नियम न्हवता. भ्यालो."

रस्त्यावरून एक एसटी गेली, तिच्या वाऱ्यानं आक्काचा पदर उडाला आणि तिनं तो सवयीनं दाबून धरला.

"एवडं सांगाया इतकी वर्सं लागली?" ती म्हणाली. "ये आत. उनात उभा ऱ्हाऊ नगंस."

आत रांगोळी घातलेली होती. निरांजन, सुपारी, ओवाळायचं ताट. माळ्यावरून तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी मला काढायला लावलं. बरंच जड होतं. तिनं गाठ सोडली. आत पिवळ्या लाकडाचा रुंद पाट होता, कडेला पितळी फुल्या. त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. कोणी कधी बसलंच नव्हतं.

"फणस तोडला तवा तुज्या माणसांकडनं बुंध्याची फळी मागून घेतली," आक्का म्हणाली. "मेली दीत न्हवती ती, सरकारी हाय म्हणाली. मी म्हनलं, सायबाची भईन हाय. तवा दिली." तिनं पाट रांगोळीच्या मधोमध मांडला आणि तळव्यानं पुसला. "भाऊबीजंला तुला बसाया केला. दरसाल काढून पुसते, दरसाल ठेवते. बस आता."

मामा उभेच राहिले. सख्ख्या बहिणीचं घर न सोडणारा तो अभियंता लहान पोरासारखा रडायला लागला, आणि आक्कानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

*

आक्का महिनाभरात हैदराबादला गेली. जाताना घरातलं सगळं वाटून टाकलं, पाट मामांना दिला. तिचा निरोप घेऊन घाट उतरताना तो मामांच्या मांडीवर होता. मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसलेल्या मामींचा हात सवयीनं त्याच्या कडेवरून वीत-वीत सरकत गेला, माप घेत. मधेच त्या थांबल्या आणि त्यांनी हात मांडीवर ठेवला.

ती गाडी पुढे विकली. मरून कव्हराची मामींनी गिरणीखाली घालायची दोन आसनं केली, सोनेरी पायपिंगसकट. मानचिन्ह आणि शाल मामांनी शोकेसमधून काढून माळ्यावर टाकली, पिशवीतच. आज मामा नाहीत. पण त्या घरी गेलो की दिसतं, फ्रीजला कव्हर आहे, त्याच्या मुठीला आहे, मिक्सरला आहे, रिमोट पिशवीत आहे. शोकेसमध्ये पाट आहे. त्याच्यावर काहीही घातलेलं नाही, त्यामुळे वर रोज थोडी धूळ बसते, आणि मामी ती रोज पदरानं पुसतात.